झकास चाललंय

भीमराज पाईकराव नावाच्या माणसाचा फोन आला तेव्हा अंबादास खिल्लारे सलूनच्या खुर्चीत होता. गळ्याभोवती पांढरं कापड, डाव्या बाजूचे केस कापून झालेले, उजव्या बाजूचे राहिलेले. रविवारची सकाळ, चारकोपच्या सेक्टर आठमधलं सलून भरलेलं, आणि मागच्या बाकावर त्याच्याच सोसायटीचे चेअरमन जयवंत परब पेपर उघडून नंबराची वाट बघत बसलेले. नंबर अनोळखी होता. एरवी त्याने उचलला नसता. पण रविवारीसुद्धा याला कामाचे फोन येतात असं मागच्या बाकाला दिसावं, म्हणून त्याने कापडाखालून हात बाहेर काढला. हे कारण त्याला नंतर, दोन दिवसांनी कळलं. त्या वेळी तो नुसता ‘हॅलो’ म्हणाला.

‘जय भीम सर. मी मुलुंडहून भीमराज पाईकराव. तुमचा नंबर कंपनीनं दिला. ती बिझनेस कोचिंगची फ्रँचायझी घ्यायचा विचार चाललाय माझा. तुम्ही वर्षापूर्वी घेतलीय ना? खरं सांगू का, त्यांनी तिघांचे नंबर दिले होते. पण तुमचं आडनाव वाचलं आणि म्हटलं, आता बाकीच्यांना विचारायलाच नको. कसं चाललंय सर?’

कात्री थांबली होती. सलूनवाला फोन संपायची वाट बघत होता, परबांच्या पेपराचं पान उलटायचं थांबलं होतं, आणि समोरच्या काचेत अर्धे केस कापलेला एक बावन्न वर्षांचा माणूस फोन कानाला लावून बसला होता. ‘झकास,’ तो माणूस म्हणाला. ‘एकदम झकास चाललंय.’ पलीकडून आनंदाचा एक श्वास ऐकू आला. ‘घेऊ ना मग?’ ‘बिनधास्त घ्या. सुरुवातीला मेहनत आहे, पण मग मागे वळून बघायला नको.’ हे शेवटचं वाक्य कंपनीच्या पुस्तकातलं होतं, ते जसंच्या तसं बाहेर आलं. फोन ठेवल्यावर परब म्हणाले, ‘काय खिल्लारेसाहेब, धंदो जोरात हा मगे!’ आणि अंबादास हसला. हसताना मानेवरचे बारीक केस कॉलरच्या आत सरकले. घरी येऊन त्याने अंघोळ केली, बनियन बदललं, तरी दिवसभर पाठीवर कुठंतरी एक केस टोचत राहिला, हात पोचणार नाही अशा जागी.

खरं म्हणजे चालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आठ महिने त्याच्याकडे एकही क्लायंट नव्हता. रोज सकाळी साडेनऊला तो इस्त्रीचा शर्ट घालून, पॉलिश केलेले बूट चढवून, खांद्याला बॅग अडकवून घराबाहेर पडायचा. त्याची बायको शकु बालवाडीत शिकवायची, ती सातलाच गेलेली असायची. मुलगी मनाली अंधेरीला नोकरीला. घरात पंखा लावून पडून राहिला असता तरी त्या दोघींना पत्ता लागला नसता. पण समोरच्या दाराला लागला असता, वॉचमनला लागला असता. म्हणून तो निघायचा आणि कांदिवलीतल्या महापालिकेच्या एका दवाखान्यात, ओपीडीच्या बाकावर जाऊन बसायचा. तिथं पंखा होता, पाणी होतं, आणि बसलेल्या माणसाला तू इथं का बसलायस असं तिथं कुणी विचारत नाही. केसपेपर कुठं काढायचा, रक्ताचा रिपोर्ट कोणत्या खिडकीवर मिळतो, हे त्याला पंधरा दिवसांत पाठ झालं. माणसं विचारायची, तो सांगायचा. एका म्हातारीचा योजनेचा फॉर्म त्याने भरून दिला तेव्हा तिने पिशवीतलं केळं काढून त्याच्या हातावर ठेवलं. सहा महिन्यांतली ही आपली पहिली कमाई, असा विचार डोक्यात आला आणि तो ते केळं हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला, सोलायचं कसं ते विसरल्यासारखा. पहिल्या तारखेला मात्र तो आपल्याच निवृत्तीच्या पैशांतून ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात टाकायचा आणि शकुला म्हणायचा, ‘जमा झाले बघ.’ जणू कुणीतरी दिले होते.

फॉर्म भरणं ही त्याची फार जुनी सवय. मानखुर्दला लहानपण गेलं, वडील महापालिकेत सफाई कामगार. वस्तीत दहावी झालेलं पहिलं पोरगं अंबादासच, त्यामुळे रेशनकार्डापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं वाचायला माणसं त्यांच्या दाराशी यायची. वडील त्यांना खाली सतरंजीवर बसवायचे आणि म्हणायचे, ‘माझ्या पोराला इचारा. त्यो खोटं सांगायचा न्हाई.’ पोरगं वाचायचं आणि सांगायचं: हे होईल, हे होणार नाही, इथं सही करू नका, या माणसाला पैसे देऊ नका. कुणाला बरं वाटावं म्हणून त्याने कधी काही सांगितलं नाही. पुढं तो गोरेगावच्या छपाईच्या शाईच्या कंपनीत लागला, सत्तावीस वर्षं राहिला, प्रॉडक्शन मॅनेजर झाला. शाईचा लगदा बोटांत चोळून तो सांगायचा, अजून अर्धा तास. आणि अर्धाच तास लागायचा. मग कंपनी गुजरातला गेली आणि त्याच्या हातात एक चेक, एक शाल आणि पन्नाशीनंतरचे सगळे दिवस आले.

अंधेरीच्या एका हॉटेलातल्या गार हॉलमध्ये कोचिंग कंपनीच्या सुबोध सरांनी त्याला पहिल्यांदा सांगितलं की, तुमच्याकडे सत्तावीस वर्षांचा खजिना आहे आणि तुम्ही तो घरी बसून गंजवताय. सुबोध सर पस्तिशीचे, तुकतुकीत चेहऱ्याचे. हॉलमध्ये साठ माणसं होती, सगळी अशीच, नुकती रिकामी झालेली, घट्ट बसणारे कोट घातलेली. छोट्या धंदेवाल्यांना मार्गदर्शकाची गरज असते, परदेशात प्रत्येकाला असतो, इथं अजून कुणी नाही, आणि ती जागा तुमची आहे. कांदिवली पश्चिम ही पूर्ण टेरिटरी फक्त तुमची. क्लायंट कंपनी पाठवेल. नऊ दिवसांचं ट्रेनिंग, सहा जाडजूड फाइली, एक सर्टिफिकेट. अंबादासने त्या नऊ दिवसांत शाळेतल्या मुलासारखं सगळं लिहून घेतलं. ‘कोच उत्तर देत नाही, कोच प्रश्न विचारतो,’ हे वाक्य त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं. चौथ्या महिन्यात एका मीटिंगला त्याला आणखी एक कोच भेटला, त्याच्याच छातीवरच्या बिल्ल्यासारखा बिल्ला लावलेला, आणि त्यावर ‘कांदिवली पश्चिम दोन’ असं लिहिलेलं होतं. कंपनीने पाठवलेले क्लायंट म्हणजे फोन नंबरांची एक यादी निघाली, तिच्यातल्या निम्म्या माणसांनी शिव्या घातल्या. करारात मात्र सगळं होतं. टेरिटरी कमीजास्त होईल, पैसे परत मिळणार नाहीत, क्लायंट असो नसो दर महिन्याला कंपनीला रॉयल्टी द्यावी लागेल. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचून दिले त्याने आपला कागद वाचला नव्हता. वाचला होता, खरं तर. वाचताना प्रत्येक कलमापाशी त्याला वाटलं होतं, हे दुसऱ्यांसाठी आहे.

त्याचा शेवटचा क्लायंट राजाराम, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणारा. त्याने एक दिवस सरळ विचारलं, ‘साहेब, नवीन मशीन घेऊ की नको, तेवढं सांगा.’ अंबादासला उत्तर माहीत होतं. जुन्या मशीनचा आवाज त्याने दारातूनच ऐकला होता, नुसतं बेअरिंग गेलं होतं. पण तो म्हणाला, ‘तुम्हाला काय वाटतं?’ राजाराम हसला. ‘मला काय वाटतं ते मला फुकटात कळतं साहेब. पैसे दिलेत ते तुम्हाला काय वाटतं त्याचे.’ तरीही अंबादासने दुसरा प्रश्न विचारला आणि मग तिसरा, फाइलीत होते त्याच क्रमाने. राजारामने मशीन घेतलं. पुढच्या महिन्यात त्याने फोन उचलणं बंद केलं. अंबादास एकदा त्या गाळ्यावरून गेला तेव्हा मशीनवर निळी ताडपत्री घातलेली होती. त्यानंतर त्याने तो रस्ताच सोडला.

पण भीमराजचं प्रकरण वेगळं होतं. तिथं कुणी त्याला प्रश्नाला प्रश्न विचारायला सांगितलं नव्हतं. ‘मी बाहेर आहे, नंतर फोन करतो,’ एवढंच म्हणायचं होतं. सोमवारी, मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर बसून तो त्या सकाळकडे पुन्हापुन्हा जात राहिला, आणि प्रत्येक वेळी परबांचा पेपर आडवा यायचा. सतरा वर्षांपूर्वी फ्लॅट घेताना याच परबांनी त्याचं आडनाव दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा नीट ऐकू आलं म्हणून. पुढं परब वाईट वागले असं अजिबात नाही. गणपतीचा प्रसाद घरी आला, मनाली बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा परबवहिनी पेढे घेऊन आल्या. तरी त्या दोन वेळा विचारण्याच्या मधे जी एक जागा होती, ती बुजवत बुजवतच अंबादासची सतरा वर्षं गेली. परबांच्या तोंडचं ‘साहेब’ त्याने एकेक दिवस घालून मिळवलं होतं. ते रविवारी सकाळी, अर्ध्या कापलेल्या केसांनिशी, सगळ्यांदेखत परत करायचं त्याच्याच्याने झालं नाही. आणि त्याची किंमत कुणाच्या नावावर पडली? ज्याने आडनाव एकदाच वाचलं आणि विश्वास टाकला, त्याच्या.

बुधवारी कंपनीच्या ग्रुपवर फोटो आला. भीमराज पाईकराव, आपले मुलुंडचे नवे कोच, शनिवारी सह्या. सेहेचाळीसच्या आसपासचा, सावळा, जाड भिंगांचा चष्मा, नवा कोट, आणि कोटाच्या बाहीवर कोट बनवणाऱ्या कंपनीचं शिवलेलं लेबल तसंच राहिलेलं. लोक ते काढायचं असतं हे विसरतात. खाली पन्नास टाळ्या. पाच मिनिटांनी अंबादासला वेगळा मेसेज आला: अभिनंदन, तुमच्या संदर्भामुळे प्रवेश झाला, दोन महिन्यांची रॉयल्टी माफ. हा नियम त्याला आधीपासून माहीत होता. सलूनमध्ये तो मनात नव्हता, असं तो चार दिवस स्वतःला सांगत होता. आता ते खरं की खोटं हे शोधायला जागाच उरली नव्हती. त्याने दवाखान्याबाहेर येऊन भीमराजला फोन लावला. ‘पाईकराव, मला जरा बोलायचं होतं...’ एवढ्यावर तिकडून इतका मोठा आवाज आला की त्याने फोन कानापासून लांब धरला. ‘सर! शंभर वर्षं आयुष्य! आत्ता आई तुमचंच नाव काढत होती. उद्या घरीच या जेवायला. नाही म्हणायचं नाही. आईनं सांगून ठेवलंय, त्या साहेबाला बघायचंय मला.’ अंबादास म्हणाला, ‘बरं.’

गुरुवारी तो गोरेगावहून मुलुंडच्या बसमध्ये बसला. खिडकीपाशी बसून त्याने वाक्यं तयार केली. आधी मोठी, मग लहान. ‘तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून...’ ‘काही बाबी मी फोनवर...’ प्रत्येक वाक्यात तो स्वतःसाठी एक खुर्ची ठेवत होता, हे त्याच्या लक्षात येत होतं, आणि खुर्ची नसलेलं वाक्य काही सापडत नव्हतं. मुलुंडला उतरला तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि त्याच्या हातात, सवयीने, कंपनीची बॅग होती.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली ताजी फुलं. भीमराजची बायको नोकरीवर गेली होती. त्याची आई सोनूबाई, सत्तरीच्या पुढची, हिंगोलीकडची, कपाळावर हिरवं गोंदण. तिने अंबादासला पंख्याखाली बसवलं आणि निरखून बघितलं. ‘लई ऐकलं बाबा तुमचं. मी ह्याला म्हनत हुते, नोकरी सोडू नको. मानखुर्दची खोली इकायची न्हाई म्हनून महिनाभर भांडले. ह्याच्या बापाची खोली हाय ती. पन ह्यो म्हनला, आपल्यातल्या साहेबाला इचारलं, त्यो म्हनला बिनधास्त घे. मंग म्या म्हनलं, आपल्यातला मानूस खोटं कशापायी सांगंल?’ खाली सतरंजी अंथरलेली होती. ज्वारीच्या भाकरी, मटणाचा रस्सा, कांदा, लिंबू. म्हातारीने सकाळपासून चूल, म्हणजे गॅसच, पण चुलीसारखाच राखला होता. भीमराज जेवताना बोलत होता. एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचा तो, सोमवारी राजीनामा दिला होता, कार्डं छापायला टाकली होती. ‘मोठी माणसं आपल्याला सल्ला विचारायला येणार सर. आपल्याला! माझ्या बापाला कुणी नाव धरून हाक मारली नाही कधी.’

अंबादासने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तो तोंडापर्यंत गेला नाही. या घरचा आणखी एक घास खाल्ला तर आपण कधीच बोलणार नाही, हे त्याला एकदम स्वच्छ कळलं. त्याने तुकडा ताटात ठेवला. ‘पाईकराव, शनिवारी सही करू नका. मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझं काहीही चाललेलं नाही.’

पंखा फिरत होता. भीमराजचा घास चावायचा थांबला, मग तो हळूहळू पुन्हा चावू लागला, गिळला, पाणी प्यायला. ‘म्हणजे?’ अंबादासने सांगितलं. कांदिवली पश्चिम दोन, शिव्या देणारी यादी, रॉयल्टी, राजाराम, आठ महिने. बोलता बोलता उजव्या हाताच्या बोटांवरचा रस्सा वाळत होता, कातडी ओढल्यासारखी होत होती, आणि हात धुवायला उठावं तर बोलणं तुटेल म्हणून तो हात तसाच ताटावर धरून बसला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. भीमराजचा चेहरा मऊ होईल असं त्याला वाटलं होतं. तो दगडासारखा होत गेला. ‘कुणी पाठवलं तुम्हाला?’ तो म्हणाला. ‘की मुलुंड तुम्हालाच पाहिजे? रविवारी झकास होतं आणि गुरुवारी वाट लागली? सर, मी स्टोअर्समध्ये आहे, मूर्ख नाही.’ त्याने फोन काढला आणि दोघांच्या मधे सतरंजीवर उभा धरला. फोनमध्ये अंबादास होता, कोट घातलेला, मागे कंपनीचं बोधचिन्ह. ‘माझं आयुष्य बदललं,’ फोनमधला अंबादास म्हणत होता. हे तिसऱ्या महिन्यात शूट केलेलं, दोन क्लायंट होते तेव्हाचं. त्या दिवशी आवाज पडतोय म्हणून त्यांनी हे वाक्य चार वेळा म्हणून घेतलं होतं, आणि चौथ्या वेळेला त्याला स्वतःलाच ते पटलं होतं. सोनूबाई फोनमधल्या माणसाकडे बघत होती, मग समोरच्याकडे, मग पुन्हा फोनकडे. तिच्या त्या मान फिरवण्याने अंबादासच्या कानशिलांत रक्त जमा झालं. जमिनीत तोंड खुपसावं असं वाटलं, आणि जमीन म्हणजे तिनेच अंथरलेली सतरंजी होती.

‘यातलं खरं कुठलं?’ भीमराजने विचारलं.

‘आत्ता बोलतोय ते.’

‘मग रविवारी खोटं का बोललात? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?’

उत्तर एकच होतं आणि ते इतकं लहान होतं की त्याला सांगायची लाज वाटली. ‘मी सलूनमध्ये होतो,’ अंबादास म्हणाला. ‘मागे आमच्या सोसायटीचे चेअरमन बसले होते.’

भीमराजला त्याचा अर्थ लागला नाही. सोनूबाईला मात्र ते कळलं असावं. तिने नुसतं ‘हं’ केलं आणि पदर सारखा केला. ‘घरी माहीत आहे हे?’ भीमराजने विचारलं. ‘वहिनींना?’ अंबादासने मान हलवली, नाही. ‘बघा. स्वतःच्या बायकोला सांगितलं नाही आणि मला सांगताय, ज्याला आज पहिल्यांदा बघितलंत. कसा विश्वास ठेवू? लावा फोन. माझ्यासमोर सांगा त्यांना, मग मानतो.’ ‘जाऊ दे रे,’ सोनूबाई म्हणाली, पण मग ती अंबादासकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘लाव बाबा. कवातरी सांगायचंच हाय.’

त्याने डाव्या हाताने फोन लावला. स्पीकर भीमराजने चालू केला. बालवाडी सुटली होती, मागे भाजीवाल्यांचा गलका होता. ‘अहो, बोला. जेवलात का?’ शकु म्हणाली.

‘शकु, मी मुलुंडला आहे. ऐक. माझ्याकडे एकही गिऱ्हाईक नाही. आठ महिने झाले.’

गलका तसाच चालू होता. ‘दर महिन्याला जमा होतात ते?’

‘माझेच. फंडातले.’

‘मग रोज सकाळी कुठं जाता?’

‘दवाखान्यात.’

‘अगं आई गं! काय झालंय तुम्हाला? काय म्हणाले डॉक्टर?’ तिचा आवाज चिरकला.

‘काही झालं नाही. बसायला जातो. नुसता बसतो तिथं बाकावर.’

भाव सांगणारा कुणीतरी ओरडत होता, मेथी, मेथी, आणि तो आवाज या खोलीत, बुद्धाच्या फोटोखाली, अर्ध्या खाल्लेल्या ताटांवर घुमत होता. अंबादास रागाची वाट बघत होता. राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण शकुने अगदी सावकाश, बालवाडीतल्या पोराला विचारतात तसं विचारलं, ‘तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?’ त्याने सांगितलं. ‘त्या मावशींकडे द्या फोन.’

सोनूबाईने फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. ‘बोल बाई.’

‘मावशी, जय भीम. मी शकु. गेल्या आठवड्यात यांनी विम्याचे, बँकेचे, घराचे सगळे कागद एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. कुठला कशाचा ते वर लिहून. मी म्हटलं, आत्ताच का? तर म्हणाले, लावून ठेवले, झालं. तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. त्यांना एकट्याला बाहेर पडू देऊ नका. मी रिक्षा करतेय.’

‘ये. सावकाश ये,’ सोनूबाई म्हणाली. ‘मी हाय हितं.’

भीमराज केव्हाच उठला होता. तो अंबादासचा फोन घेऊन गॅलरीत गेला, शकुला पत्ता पाठवला, आणि मग तिथंच उभं राहून त्याने आपल्या फोनवरून ऑफिसचा नंबर लावला. अंबादासला तुटक तुटक ऐकू येत होतं. ‘सर, ते सोमवारचं माझं पत्र... वर पाठवलंत का?... नाही सर, घरगुती... नाही, पुन्हा असं होणार नाही सर.’ शेवटच्या ‘सर’ला त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. आत आला तेव्हा तो आईला म्हणाला, ‘टेबलावरच आहे म्हणाले. उद्या लवकर बोलावलंय.’ मग भिंतीला टेकून उभा राहिला. ‘फोटो सगळ्यांना पाठवलाय मी. सासऱ्यांना, ऑफिसात, गावाकडं. आता काय सांगू एकेकाला?’ हे तो कुणालाच उद्देशून बोलला नाही. अंबादासकडे त्याने बघितलं नाही. आभार मानावेत असं यात काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तो आतल्या खोलीत गेला आणि खाट करकरली.

सोनूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. दारापाशी गेली, बाहेर काढून ठेवलेले अंबादासचे बूट उचलून तिने आत आणले आणि कोपऱ्यातल्या कपाटावर, पितळी डब्यांच्या शेजारी ठेवून दिले. मग दाराची कडी घातली, त्याचं ताट उचलून रस्सा पुन्हा गरम केला, नवी भाकरी वाढली आणि दाराला पाठ लावून बसली. ‘जेव,’ ती म्हणाली. ‘ती येईस्तोवर कुटं जायाचं न्हाई.’

एवढा मोठा माणूस, दोन मजल्यांइतक्या उंच शाईच्या टाक्या ज्याने सांभाळल्या, आणि एक म्हातारी त्याचे बूट लपवून त्याच्यावर पहारा देत होती. अंबादासला आतून बाहेरून लाज वाटली. मावशी, शकु उगाच घाबरलीय, माझ्या मनात तसलं काही नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. सोनूबाई ऐकायला पुढे झुकली. वाक्य तोंडात तयार होतं, पण आज या घरात आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं. त्याने तोंड मिटलं, आणि वाळलेल्या बोटांनी भाकरी मोडली.